'अतिशय उत्कृष्ट असल्यामुळे प्रकाशित करता येत नाही': कियोशिरो इमावानो आणि १९८८ मधलं 'कव्हर्स' प्रकरण

२२ जून १९८८ रोजी जपानमधल्या वर्तमानपत्रांत तोशिबा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची एक जाहिरात छापून आली. तिच्यात आरसी सक्सेशन या बँडच्या दोन रेकॉर्डची नावं होती. 'लव्ह मी टेंडर' ही छोटी रेकॉर्ड तीनच दिवसांनी दुकानांत यायची होती. 'कव्हर्स' हा अल्बम ६ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमा दिनी यायचा होता. त्याखाली एक वाक्य होतं: 'सुबाराशीसुगिते हात्सुबाई देकिमासेन'. वरील कलाकृती अतिशय उत्कृष्ट असल्यामुळे प्रकाशित करता येत नाहीत.

कारण एवढंच. रेकॉर्डिंग झालेलं होतं, तारखा ठरलेल्या होत्या. बँडही नवखा नव्हता, जपानमधल्या सर्वांत मोठ्या रॉक बँडांपैकी एक होता. त्याचा गायक कियोशिरो इमावानो याला तिथे आजही जपानी रॉकचा राजा म्हणतात.

हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण सेन्सॉरशिप एवढंच नाही. 'कव्हर्स'मध्ये अकरा गाणी आहेत आणि त्यातली बहुतेक पाश्चात्त्य रॉकमधली जुनी, गाजलेली गाणी आहेत. बॉब डिलनचं 'ब्लोइन इन द विंड', रोलिंग स्टोन्सचं 'पेंट इट ब्लॅक', जॉन लेननचं 'इमॅजिन'. ही गाणी वीस-वीस वर्षं जपानच्या दुकानांत उघड विकली जात होती. बीटल्सच्या आणि लेननच्या रेकॉर्ड तर तिथे तोशिबाच काढायची. देश नकोत, युद्ध नको, हे इंग्रजीत ऐकायला कोणाचीच हरकत नव्हती. कियोशिरोने त्याच चालींवर स्वतःचे जपानी शब्द बसवले, ते रस्त्यावरच्या माणसाला पहिल्या झटक्यात कळतील असे गायले, आणि रेकॉर्ड अडली. माझ्या मते ही रेकॉर्ड अडली ती तिच्यातला शब्द न् शब्द कळत होता म्हणून. आणि कळेल असं गाणं हेच त्या माणसाने आयुष्यभर केलेलं काम होतं. त्यामुळे हे प्रकरण समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

कुनिताचीचा मुलगा

त्याचं खरं नाव कियोशि कुरिहारा. जन्म २ एप्रिल १९५१, तोक्योतल्या नाकानोचा. तीन वर्षांचा असताना आई वारली. मावशी आणि तिच्या नवऱ्याने त्याला दत्तक घेतलं आणि तोक्योच्या पश्चिमेकडच्या कुनिताची गावात वाढवलं. जन्मदात्या आईबद्दल त्याला नीट कळलं ते मोठेपणी. कुनिताची आणि कोकुबुन्जी यांच्या मधे तामारानझाका नावाचा एक साधा चढ आहे. कियोशिरोने त्यावर गाणं केलं, आणि त्याच्या जाण्यानंतर चाहते तिथे फुलं ठेवून जायला लागले.

हिनोच्या हायस्कूलमध्ये असतानाच बँड उभा राहिला. बासवर वाशो कोबायाशी, गिटारवर केन्ची हारेन आणि गायला कियोशिरो. तिघांच्या हातात साधी, वीज न लागणारी वाद्यं. मार्च १९७० मध्ये तोशिबानेच त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. पुढे अठरा वर्षांनी जी कंपनी नाही म्हणणार होती, तिनेच पहिलं दार उघडलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. १९७२ मध्ये 'बोकु नो सुकी ना सेन्सेइ', म्हणजे 'माझे आवडते सर', हे गाणं बरंच चाललं. हे सर शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. इतर शिक्षकांत न मिसळणारे, चित्रकलेच्या खोलीत एकटेच सिगारेट ओढत बसणारे. गाण्यात एवढंच आहे. कोणताही अलंकार नाही, उपदेश नाही. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा दोस्ताला सांगेल तसं सांगितलंय.

आडनाव त्याने स्वतः घेतलं. इमावानोमधल्या पहिल्या चित्रलिपीचा अर्थ अशुभ, वर्ज्य, टाळावं असं काहीतरी. विशीच्या आतला पोरगा हौसेने असं नाव घेतो यात नवल नाही. मात्र पुढे त्याच्या वाट्याला काय आलं ते पाहिलं की या नावापाशी मी दरवेळी थांबतो.

त्या काळात जपानी संगीतात एक वाद रंगला होता: रॉक जपानीत गाता येतं का? एका बाजूचं म्हणणं होतं की रॉकचा ताल इंग्रजीचा आहे, जपानी त्यात बसत नाही, आणि जगापुढे जायचं तर इंग्रजीतच गायला हवं. दुसरी बाजू जपानीत लिहून दाखवत होती. अडचण खोटी नव्हती. जपानीत साधारण प्रत्येक अक्षर सारख्या वजनाचं असतं. इंग्रजीत एखाद्या शब्दावर जोर देऊन बाकीचे गिळून टाकता येतात, जपानीत तसं केलं तर शब्दच हरवतात. त्यामुळे बरेच गायक जपानी शब्द इंग्रजी वाटतील असे वाकवून गायचे. कियोशिरोने उलटी वाट धरली. एक अक्षर, एक स्वर. प्रत्येक अक्षर नाकातून, तार आवाजात, स्वच्छ सुटं करून तो समोर ठेवायचा. पहिल्यांदा ऐकताना तो आवाज किरकिऱ्या मुलासारखा वाटतो, पण जपानी ऐकणाऱ्याला त्याच्या गाण्याचे शब्द वाचायला कागद लागत नाही.

रेकॉर्ड बाजारात न मिळणं म्हणजे काय, हेही त्याला १९८८ च्या आधीच माहीत होतं. 'सिंगल मॅन' हा आरसी सक्सेशनचा तिसरा अल्बम रेकॉर्ड होऊन पडून राहिला आणि १९७६ मध्ये पॉलिडोर या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडून निघाला. अमेरिकेच्या टॉवर ऑफ पॉवर या मंडळींची ब्रास वाद्यं त्यात आहेत, 'स्लो बॅलड'सारखं गाणं त्यात आहे. तरी तो खपला नाही आणि थोड्याच काळात छापणं बंद झालं. हारेन बाहेर पडला. काही वर्षं कामच नव्हतं. पुढे एका समीक्षिकेने आणि चाहत्यांनी तो पुन्हा छापावा म्हणून मोहीम चालवली आणि १९८० मध्ये तो परत आला. तोवर बँडही बदलला होता. कियोशिरोच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आली, केस उभे राहिले, चेहऱ्यावर रंग चढला. सोबतीला 'चाबो' हे टोपणनाव असलेला रेइची नाकाइदो हा गिटारवादक आला. १९८० मध्ये 'आमे आगारी नो योझोरा नि' आणि 'ट्रान्झिस्टर रेडिओ' ही गाणी आली आणि हा बँड तरुणांचा झाला. १९८२ मध्ये कियोशिरोने र्‍युइची साकामोतो या संगीतकाराबरोबर शिसेइदो या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या जाहिरातीसाठी केलेलं गाणं ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या रेकॉर्डखपाच्या यादीत पहिलं आलं.

मंचावरून तो श्रोत्यांना विचारायचा, 'आइशिआत्तेरु काइ?' एकमेकांवर प्रेम करताय ना? ही हाक त्याने अमेरिकन गायक ओटिस रेडिंगकडून घेतली होती, मॉन्टेरेच्या १९६७ च्या संगीत महोत्सवातल्या मंचावरून. पण जपानीत ती इतकी मुरली की ती मुळात कोणाची, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. परक्या गाण्यातली गोष्ट उचलायची आणि घरच्या बोलीत अशी बसवायची की ती घरचीच वाटावी, ही त्याची जुनी सवय. 'कव्हर्स' हा त्या सवयीचाच पुढचा टप्पा होता.

चाल जुनी, शब्द नवे

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची भट्टी फुटली. काही दिवसांत किरणोत्सर्ग जपानच्या पावसातही मोजला गेला. त्यानंतरच्या दोन वर्षांत जपानमध्ये अणुऊर्जेविरुद्ध एक नवी चळवळ उभी राहिली. तिच्यात संघटना आणि पक्षांपेक्षा घरातल्या बायका जास्त होत्या. आयात अन्नात काय आहे, मुलांच्या दुधात काय आहे, हे त्यांचे प्रश्न. फेब्रुवारी १९८८ मध्ये शिकोकू बेटावरच्या इकाता केंद्रात भट्टीची शक्ती कमीजास्त करून पाहण्याचा प्रयोग झाला, तेव्हा देशभरातून लोक वीज कंपनीच्या दारात जमले. एप्रिलमध्ये, चेर्नोबिलला दोन वर्षं होताना, तोक्योच्या हिबिया उद्यानात सुमारे वीस हजार लोक आले.

कियोशिरो या सुमारास लंडनहून परतला होता. तिथे इयन ड्युरीच्या ब्लॉकहेड्स या मंडळींना घेऊन त्याने १९८७ मध्ये 'रेझर शार्प' हा स्वतःचा अल्बम केला होता. तो कोणत्याही पक्षाचा नव्हता. आजूबाजूचे सगळे ज्याबद्दल बोलत होते ते गाण्यात का असू नये, एवढाच त्याचा प्रश्न होता.

'लव्ह मी टेंडर'ची चाल आपल्याला एल्व्हिस प्रेस्लीमुळे माहीत आहे, पण ती एल्व्हिसच्याही आधीची. 'ऑरा ली' नावाचं १८६१ चं अमेरिकन गाणं होतं, त्याच चालीवर १९५६ मध्ये नवे शब्द बसवले गेले. म्हणजे ते गाणं आधीच एकदा 'अमुक गाण्याच्या चालीवर' झालेलं होतं. महाराष्ट्रात जलशांच्या आणि शाहिरांच्या पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर 'चाल:' असं छापलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातली ताकद समजावून सांगायला नको. चाल तोंडात असते, त्यामुळे शब्द लगेच उतरतात. कियोशिरोच्या हातात या नाजूक प्रेमगीताचं काय झालं? काय बोलताय, चेष्टा करू नका, आम्हाला अणू नको. किरणोत्सर्ग नको, आम्हाला दूध प्यायचंय. गोड गोड बोलून सामान्य माणसाला फसवायला जाल, पण तुमच्या मनातलं काळंबेरं थोडं थोडं दिसायला लागलंय. शब्द माझे आहेत, आशय त्याचा. आणि हे सगळं तो अगदी हळुवार, अंगाई म्हणावी तसं गातो. राग कुठेही आवाज चढवत नाही. दुधाचा उल्लेख त्या काळच्या प्रत्येक आईला थेट पोचला असणार.

'समरटाइम ब्लूज' हे १९५८ चं एडी कॉक्रनचं गाणं. सुट्टीत काम करावं लागणाऱ्या पोराची तक्रार. कियोशिरोने उन्हाळा तसाच ठेवला. उन्हाळा आला, सगळे समुद्रावर निघाले, गर्दी नसलेली जागा शोधून पोहायला उतरलो तर समोर अणुऊर्जा केंद्र. कशासाठी, काही समजत नाही! पुढे तोकाई भागातल्या अपेक्षित भूकंपाचा उल्लेख येतो. मग घाम गाळून कमावलेल्या पैशावर कर भरणारा माणूस येतो. तो कधी नव्हे तो सुट्टीला गावी जातो, तर तिथेही तीच केंद्रं, एकूण ३७, आणि अजून वाढतायत. शेवटी टीव्ही सांगतो की जपानची केंद्रं सुरक्षित आहेत.

या गाण्यातल्या विनोदाच्या तळाशी एक नेमकी वस्तुस्थिती आहे. जपानमध्ये ही केंद्रं गर्दी नसलेल्या किनाऱ्यांवरच उभी केली गेली. तोक्योला वीज पुरवणाऱ्या कंपनीची अणुऊर्जा केंद्रं फुकुशिमा आणि निइगाता या प्रांतांत, म्हणजे तिच्या स्वतःच्या ग्राहकांच्या प्रदेशाबाहेर होती. वीज शहराला, भट्टी गावाला. रिकामा किनारा शोधायला गेलेल्या माणसाला केंद्र भेटतं ते म्हणूनच. हा सगळा मुद्दा त्याने पोहायला उतरलेल्या एका माणसात बसवला. मला तर हे त्याचं सगळ्यांत मोठं लेखन वाटतं.

सोबत गाणारी मंडळीही पाहण्यासारखी आहेत. एन्का या पारंपरिक ढंगाच्या गाण्यात नुकतीच नाव कमावू लागलेली फुयुमी साकामोतो, शाळेच्या दिवसांपासूनचा मित्र असलेला नट तोमोकाझु मिउरा, गिटारवादक फुजिओ यामागुची. आणि जो यामानाका, ज्याने सत्तरच्या सुमारास फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडमध्ये रॉक इंग्रजीतच गायलं होतं. जुन्या वादातल्या दोन्ही बाजू या अल्बममध्ये एकत्र उभ्या राहिल्या, आणि गायल्या जपानीत.

यातल्या सगळ्याच गाण्यांचे शब्द त्याचे नव्हते, हेही सांगायला हवं. 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' जपानी लोकगायकांनी साठच्या दशकातच आपल्या भाषेत आणलं होतं, आणि 'सान तोआ मामी' हे फ्रेंच गाणं जपानीत आधीपासून लोकप्रिय होतं. जपानीत निषेधाची गाणी याआधी कोणी गायलीच नव्हती असं कोणी समजू नये. फरक असा की ती गाणी चळवळीच्या मैदानात होती. ही गाणी ओरिकॉनच्या यादीत वर जाणाऱ्या बँडची होती, आणि त्यांत कारखान्याकडे बोट दाखवलेलं होतं.

कंपनीची अडचण

बोट दाखवलेला कारखाना कोणाचा? तोशिबा ईएमआय ही तोशिबा आणि इंग्लंडची ईएमआय यांची भागीदारीतली कंपनी. आणि तोशिबा म्हणजे फक्त टीव्ही आणि रेडिओ नव्हेत. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांचं तंत्र तिने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतलं होतं आणि जपानमध्ये त्या भट्ट्या बांधणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी ती एक होती. (आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, १९६९ साली वीज देऊ लागलेल्या, याच जनरल इलेक्ट्रिकच्या, याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या.) एका हाताने भट्टी आणि दुसऱ्या हाताने 'आम्हाला अणू नको' असं म्हणणारी रेकॉर्ड, असा तो पेच होता.

पालक कंपनीकडून दबाव आला म्हणून रेकॉर्ड थांबली, असंच तेव्हा सगळीकडे छापून आलं आणि आजही हे प्रकरण तसंच सांगितलं जातं. जाहिरातीत मात्र त्यातलं काहीच नाही. 'अतिशय उत्कृष्ट' हेच अधिकृत कारण. त्या वाक्याकडे मी बराच काळ निव्वळ लबाडी म्हणून पाहत होतो. आता तसं वाटत नाही. रेकॉर्ड वाईट आहे, खोटी आहे, खपणार नाही, असं म्हणायची सोय त्यांना होती. त्यांनी ते म्हटलं नाही. या कंपनीतली माणसं अठरा वर्षांपूर्वी या मुलांना घेऊन आली होती, आणि स्टुडिओत ही गाणी रेकॉर्ड होताना कोणीतरी काचेपलीकडे बसलेलं होतं. नकार द्यायचाच आहे तर निदान खोटं कारण द्यायचं नाही, इतपत लाज त्या वाक्यात मला दिसते. नकार मात्र नकारच होता.

आणि तो एकट्या तोशिबाचा दोष नव्हता. त्याच उन्हाळ्यात ब्लू हार्ट्स या पंक बँडने 'चेर्नोबिल' नावाचं गाणं केलं. त्यांची कंपनी मित्सुबिशी घराण्यातली, आणि मित्सुबिशीही भट्ट्या बांधते. ते गाणं तिने काढलं नाही, म्हणून जुलै १९८८ मध्ये बँडने ते एका छोट्या स्वतंत्र कंपनीकडून काढलं. रेकॉर्ड, टीव्ही, भट्टी, जहाज, सगळं एकाच छत्राखाली बनवणाऱ्या उद्योगघराण्यांचा हा देश. तिथे गायकाने कुठल्याही मोठ्या यंत्राबद्दल तोंड उघडलं की ते यंत्र आपल्याच मालकाचं निघण्याची शक्यता दांडगी.

कियोशिरोपुढे मार्ग होते. दोन गाणी गाळून उरलेली नऊ काढता आली असती. शब्द मवाळ करता आले असते. त्याने तसं केलं नाही. अल्बम आहे तसा उचलून किट्टी रेकॉर्ड्सकडे नेला. तारीख ६ ऑगस्टची १५ ऑगस्ट झाली. जपानमध्ये हा युद्ध संपल्याचा दिवस. योगायोग म्हणा वा हेतू, एका स्मरणदिनाची जागा दुसऱ्याने घेतली. बंदीच्या बातमीने दोन महिने लोकांची उत्सुकता ताणलेली होतीच. 'कव्हर्स' ओरिकॉनच्या यादीत थेट पहिला आला. आरसी सक्सेशनच्या इतक्या वर्षांत त्यांचा अल्बम तिथवर कधी पोचला नव्हता.

इथे गोष्ट संपवली तर सोपी होते: कंपनी हरली, गायक जिंकला. पण पुढची दोन वर्षं तसं सांगत नाहीत.

जिंकल्यानंतर

त्याच ऑगस्टमध्ये हिबियाच्या खुल्या रंगमंचावर बँड उभा राहिला. तिथली गाणी डिसेंबरमध्ये 'कोबुरा नो नायामी' या अल्बममध्ये निघाली, आणि ती काढली पुन्हा तोशिबा ईएमआयनेच. करार होता, आणि भट्टीवरची ती दोन गाणी नसली की कंपनीला त्रास नव्हता. कियोशिरोने तिथे डिलनचं 'आय शॅल बी रिलीज्ड' घेतलं. मूळ गाणं कैद्याचं, सुटकेची वाट पाहणाऱ्याचं. इंग्रजीत 'रिलीज' हा शब्द सुटकेलाही चालतो आणि रेकॉर्ड बाजारात येण्यालाही. त्याने ते नेमकं पकडलं. त्याच्या गाण्यातला माणूस वरून येणाऱ्या दबावाला वैतागलेला आहे आणि एक ना एक दिवस मोकळेपणाने गाता येईल याची वाट पाहतोय. डोळ्यांत पाणी आणणारं गाणं आहे, कारण ते पहिल्या क्रमांकावर पोचलेला माणूस गातोय. खप झाला तरी जखम तशीच होती.

मग आला कियोशिरोचा नवा बँड, टायमर्स. डोक्यावर बांधकाम मजुराचं हेल्मेट, तोंडाला फडकं. गायकाचं नाव झेरी. दिसायला आणि आवाजाला हुबेहूब कियोशिरो, पण तो आपण नव्हेच असं सांगणारा. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये फुजी टीव्हीच्या थेट कार्यक्रमात या मंडळींनी सरावात ठरलेलं गाणं सोडून दुसरंच सुरू केलं. एफएम तोक्यो या रेडिओ केंद्राने कियोशिरोशी संबंध असलेलं एक गाणं लावायला नकार दिला होता. म्हणून त्या केंद्राचं नाव घेऊन, टीव्हीवर कधी न ऐकलेल्या शिव्या घालत, ते गाणं देशभर गेलं. निवेदकाला तिथल्या तिथे माफी मागावी लागली.

या प्रसंगाचं कौतुक फार होतं. मला त्यात 'समरटाइम ब्लूज'मधली हुशारी दिसत नाही, संताप दिसतो. आधीच्या वर्षी कंपनीच्या नकारावर त्याने हसत, गुणगुणत उत्तर दिलं होतं. आता तोंड झाकावं लागलं, दुसरं नाव घ्यावं लागलं. नकार पचवत राहण्याची किंमत ती हीच असावी. १९९१ मध्ये आरसी सक्सेशन थांबला आणि पुन्हा कधी सुरू झाला नाही.

पण याच टायमर्सनी 'डेड्रीम बिलीव्हर' हे मंकीज या अमेरिकन बँडचं गाणं जपानीत आणलं. चाल तीच, शब्द पुन्हा नवे. त्या शब्दांत फोटोतून हसणारी, निघून गेलेली एक राणी आहे. ती त्याची आई, असंच जपानमध्ये मानलं जातं. आज ते गाणं तिथे किराणा दुकानाच्या जाहिरातीत वाजतं, लहान मुलंही ते ओळखतात. हेल्मेट घालून शिव्या देणारा आणि आईसाठी असं लिहिणारा माणूस एकच, त्याच महिन्यातला.

अडवणूक आणखी एकदा झाली. ऑगस्ट १९९९ मध्ये जपानच्या संसदेने राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा कायदा केला. कियोशिरोने 'किमिगायो' हे राष्ट्रगीत पंक ढंगात गाऊन अल्बममध्ये घातलं. एकही शब्द न बदलता, फक्त ढंग बदलून. पॉलिडोरने तो अल्बम काढायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये तो छोट्या स्वतंत्र कंपनीकडून निघाला. 'कव्हर्स'मध्ये चाल तीच ठेवून शब्द बदलले होते, इथे शब्द तेच ठेवून चाल हलवली. दोन्ही वेळा कंपन्यांना नेमकं कळलं की काय हललंय.

आवाज

मधली वर्षं मी भरभर सांगतो, ती त्याची सुखाची वर्षं होती. १९९२ मध्ये मेम्फिसला जाऊन लहानपणापासूनच्या दैवतांबरोबर, बुकर टी आणि एमजीज यांच्याबरोबर अल्बम केला. पन्नाशीत सायकलचं वेड लागलं आणि २००१ मध्ये तोक्योहून निघून थेट कागोशिमापर्यंत सायकल मारली.

जुलै २००६ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं की घशाचा कर्करोग झालाय. शस्त्रक्रिया केली तर आवाज जाणार होता. त्याने ती नाकारली आणि दुसरे उपचार घेतले. हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबर की चूक, ते मी सांगू शकत नाही. पण प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ गाण्यावर ज्याचं सगळं उभं होतं, त्याने स्वरयंत्र द्यायला नकार दिला हे मला समजतं. १० फेब्रुवारी २००८ ला तो तोक्योतल्या बुदोकान सभागृहाच्या मंचावर परतला, केस पुन्हा उभे, चेहरा पुन्हा रंगवलेला. जुलैमध्ये आजार हाडात उतरल्याचं कळलं. २ मे २००९ ला तो गेला, वय ५८.

९ मे रोजी आओयामाच्या अंत्यविधी सभागृहात निरोप झाला. त्यालाही 'आओयामा रॉकन रोल शो' असंच नाव दिलं होतं. सुमारे ४३ हजार माणसं रांगेत उभी होती. निरोपाचं भाषण करणाऱ्यांत हिरोतो कोमोतो होता, ब्लू हार्ट्सचा गायक. १९८८ च्या उन्हाळ्यात ज्याचं 'चेर्नोबिल' अडलं होतं, तो.

३७ आणि ५४

११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली. १४ मार्चला फुकुशिमा दाइइचीच्या तिसऱ्या भट्टीच्या इमारतीत स्फोट झाला. ती भट्टी तोशिबाने बांधलेली होती.

काही दिवसांतच 'समरटाइम ब्लूज' आणि 'लव्ह मी टेंडर' जपानभर पुन्हा ऐकली जाऊ लागली. एप्रिलमध्ये काझुयोशी साइतो या गायकाने स्वतःच्याच एका गोड प्रेमगीताच्या चालीवर नवे शब्द बसवले: सगळं पहिल्यापासून खोटं होतं. ते मूळ गाणंही शिसेइदोच्या जाहिरातीतलं. व्हिडिओ इंटरनेटवरून काढला गेला, लोकांनी तो पुन्हा पुन्हा चढवला. १९८८ मध्ये दोन महिने आणि दुसरी कंपनी लागली होती, या वेळी काही तास पुरले. त्याच एप्रिलमध्ये रत्नागिरीत जैतापूर प्रकल्पाविरुद्धचं आंदोलन पेटलेलं होतं आणि फुकुशिमाचं नाव माडबन आणि नाटे या गावांतल्या लोकांच्या तोंडी होतं. तिथे कियोशिरो कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण रिकाम्या किनाऱ्यावर पोहायला उतरलेल्या त्या माणसाचं म्हणणं कोकणात एका वाक्यात पटलं असतं.

तोशिबाने २००७ मध्ये रेकॉर्ड कंपनीतला आपला वाटा विकला. ईएमआयची जपानी शाखा पुढे युनिव्हर्सल या संगीत कंपनीत गेली. किट्टी आणि पॉलिडोर आधीच त्याच घरात गेलेल्या होत्या. त्यामुळे आज 'कव्हर्स' नाकारणाऱ्या कंपनीचा आणि तो काढणाऱ्या कंपनीचा वारसा एकाच कार्यालयात आहे, आणि अल्बम कुठेही, कधीही ऐकता येतो.

गाण्यात केंद्रांचा आकडा ३७ आहे. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये ५४ भट्ट्या होत्या. त्या एकामागून एक तपासणीसाठी थांबत गेल्या, आणि ५ मे २०१२ ला होक्काइदोतल्या तोमारी केंद्रातली शेवटची चालू भट्टी थांबली. कियोशिरोला जाऊन तेव्हा तीन वर्षं आणि तीन दिवस झाले होते. जुलैमध्ये ओइ केंद्रातली एक भट्टी पुन्हा सुरू झाली.